काळं म्हणजे भरलेलं की बंद?

दत्तराव पंपहाऊसच्या पायरीवर बसले आणि गेले. मी ऑफिसात होते. फोन वाजला, मी उचलला, ऐकला आणि ठेवला.

दत्तराव म्हणजे माझे पती. घरात मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. सगळा संसार ‘अहो’वर झाला. पण लेखभर ‘हे’ आणि ‘यांनी’ लिहिलं तर कोण ते वाचकाला कळायचं नाही, म्हणून नाव लिहिते. लिहिताना दर वेळी हात थोडा थांबतो. त्यामुळे लेख सावकाश झाला आणि संपादकांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

हिंगोलीला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी आरेखक होते. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा माणूस. सरकारी कागदाबाहेर हा शब्द कुणी वापरत नाही. माझ्या टेबलावर ‘आरेखक’ अशी पाटी होती आणि खेड्यांतून आलेली माणसं ती वाचून मला ‘रेखाबाई’ म्हणायची. माझं नाव सुनंदा. आधी आधी मी दुरुस्ती करत असे. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी सांगितलं, की मी रेखाबाई नाही. ते म्हणाले, “असू द्या, त्या येईस्तोर बसतो,” आणि बाकावर जाऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली तरी ते तिथेच. शेवटी मी उठून गेले आणि म्हटलं, “बोला, मीच रेखाबाई.” तेव्हापासून मी रेखाबाई.

मी नकाशा काढलेल्या एका पाणीयोजनेवर दत्तराव ऑपरेटर होते. मी कागदावर काढलेला व्हॉल्व्ह ते खड्ड्यात उतरून फिरवायचे. त्यामुळे आमच्याकडे जेवताना होणारं भांडण इतर घरांसारखं नसे.

“तुमचा कागद म्हणतो, तो वॉल बंद.”

“मग तो बंदच असायला हवा.”

“कागदाला तहान लागत न्हाई ना, म्हणून म्हणतो तो.”

पुढे जाण्याआधी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पाइपलाइनचा नकाशा वाचणं अवघड नसतं. रेघ म्हणजे पाइप. रेघेवर दोन त्रिकोण एकमेकांच्या नाकाला नाक लावून पडलेले दिसले की तो व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडायची आणि अडवायची झडप. नुसते त्रिकोण असतील तर साधा गेट व्हॉल्व्ह. त्याच्या आत लोखंडी पडदा असतो, तो चावी फिरवली की वर-खाली होतो. नाकं जुळतात तिथे गोळा काढला की जात बदलते. डोक्यावर छत्री आली की तो आपोआप चालणारा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा आणि परत फिरू न देणारा एक असतो, त्याला नॉन-रिटर्न म्हणतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: त्रिकोण पोकळ असतील तर तो व्हॉल्व्ह एरवी उघडा ठेवायचा, आणि शाईने काळे भरलेले असतील तर एरवी बंद ठेवायचा. काळं म्हणजे बंद. वर्गात हे एकदा सांगतात. काहून, असं कुणी विचारत नाही.

खेड्यात विचारतात.

आमच्या भागात नाकाला नाक लावलेले दोन त्रिकोण पाहून व्हॉल्व्ह कुणालाच आठवत नाही. औंढ्याचा नागनाथ जवळ. सगळ्यांना डमरू दिसतो. जवळा बाजारच्या रस्त्याला शेत असलेले एक शेतकरी नकाशाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले होते. चेहरा अगदी गंभीर.

“रेखाबाई, माह्या गटात डमरू दाखवला सरकारनं. देऊळ बांधणार का?”

“देऊळ नाही हो. तिथे व्हॉल्व्हचा खड्डा येणार आहे. सिमेंटचा, वर झाकण.”

“पायऱ्या ऱ्हातील का उतराया?”

“राहतील.”

“आत अंधार?”

“थोडा असेल.”

“मंग गाभाराच म्हणा की,” असं म्हणून ते समाधानाने गेले. खड्डा झाला, आणि पहिल्याच सोमवारी त्यात बेल वाहिलेला होता. पुढे दत्तरावांना तिथे चप्पल काढून उतरावं लागे, कारण शेतकऱ्याची बायको बांधावर उभी राहून लक्ष ठेवायची. दत्तराव धार्मिक होते, पण एकदा वैतागून मला म्हणाले, “देव असू द्या, माझी तकलीफ न्हाई. पण नारळ खड्ड्यातच फोडतेत. त्या पाण्यानं वॉलचे नट गंजून राहिले. तुमच्या नकाशात दुसरं काही चित्र बसत न्हाई का? भोपळा वगैरे?”

मी सांगितलं, की हे चिन्ह जगभर असंच काढतात. त्यावर ते म्हणाले, “जगात नागनाथ कुठं हाय?”

आता दत्तराव गेले त्यानंतरचं. या योजनेतल्या गावांची नावं मी देत नाही. मिटलेलं भांडण नावानिशी छापून पुन्हा उकरायचं नाही. एकाला थोरलं गाव म्हणू, दुसऱ्याला वाडी. टेकडीवर टाकी, तिच्या खाली थोरलं गाव, आणि त्याच्याही खाली उतारावर वाडी. वाडीत शेळ्या-मेंढ्या राखणारी आणि थोडी शेती करणारी कुटुंबं राहतात.

दुखवट्याला माणसं येत होती. एका ठेकेदारांना माझं सांत्वन करायचं होतं आणि ते आयुष्यभर पाइप टाकत आले होते. ते म्हणाले, “वहिनी, काय सांगावं. माणूस म्हंजे नॉन-रिटर्न वॉल. गेलं ते गेलं.” मी मान हलवली. खोलीतल्या बायकांना वाटलं, इंग्रजीत काहीतरी गीतेतलं असावं. त्यांनीही मान हलवली.

मग थोरल्या गावचे सरपंच आले. दत्तरावांना सगळी योजना मामा म्हणायची.

“मामासारखा माणूस न्हाई बाई. देवमाणूस.” ते थांबले. चहा घेतला. “लई वाईट झालं.” पुन्हा थांबले. “नळाला थेंब न्हाई.”

“कधीपासून?”

“मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. अन् नाल्यात बघा, म्हशी पाण्यात बसून राहिल्या. आमच्या बायका हंडे घेऊन म्हशीपशी जायल्या.”

त्यांच्या मागे दाराशी बालाजी उभा होता. दत्तरावांच्या जागी त्याला तात्पुरता घेतला होता. चाळिशी ओलांडलेला, आधी पिठाची गिरणी चालवणारा माणूस. भुवयांवर जुनं पीठ अजून असावं असं वाटे. तो आत येऊन पाया पडला आणि हळूच म्हणाला, “मावशी, एक विचारू का? आता विचारू नये, पण कुणाला विचारू?”

“विचार.”

“म्या समदं नकाशावरून केलं. पंपहाऊसच्या भिंतीवर लावलेला हाय तो. भरलेला डमरू दिसला की उघडला, रिकामा दिसला की बंद केला. बराबर हाय ना?”

मी हातातला कप खाली ठेवला. त्याला वाटलं, मला दुःखाने बोलता येत नाही.

“भरलेली घागर म्हंजे पाणी हाय,” तो मला समजावू लागला. “रिकामी म्हंजे न्हाई. आसंच ना?”

त्याने योजना तंतोतंत उलटी चालवली होती. पाइपातला गाळ बाहेर काढण्यासाठी नाल्याकडे एक व्हॉल्व्ह असतो, तो एरवी बंद, म्हणून काळा. तो सताड उघडा. थोरल्या गावाचा पांढरा, तो गच्च बंद. आणि वाडीचा व्हॉल्व्ह नकाशावर काळा होता, त्यामुळे वाडीला कधी नव्हे इतकं पाणी गेलं. तिथल्या लोकांनी भांडी भरली, मेंढ्या धुतल्या, रांजण भरले, आणि मामा गेले म्हणून सरकारनं पाणी सोडलं असं समजून हात जोडले.

“बालाजी,” मी म्हटलं, “काळं म्हणजे बंद.”

“भरलेलं बंद अन् रिकामं चालू? मावशी, आसं कुठं आसतंय?”

सरपंच म्हणाले, “बाई शिकेल हायत. म्हणतेत तर आसंल.”

त्याने जाऊन सगळं नकाशाप्रमाणे केलं. थोरल्या गावाला पाणी आलं. म्हशी नाल्यातून उठल्या. आणि वाडीचं पाणी पूर्ण थांबलं.

तेराव्यानंतर वाडीहून कोंडाबाई आली. शेळ्या राखणारी, माझ्याहून वयाने मोठी. ती खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ भिंतीला टेकली.

“मामाचा तेरावा होऊ दे म्हणलं, तवर थांबले. आता शेळ्यायला काय पाजू, सांग. इहिरीला चिखल हाय. लेकरायची शाळा बुडून राहिली, पाण्याला जायलेत.”

“आधी पाणी कसं येत होतं?”

“मामा देत होता की.”

“नकाशात तुमचा व्हॉल्व्ह बंद आहे.”

“मला नकाशातलं काय कळतंय? सकाळी येत होतं. धार बारीक, पण येत होतं.”

जेवतानाच्या भांडणातला ‘तो वॉल’ कोणता, ते मला तेव्हा नीट उमगलं. वाडी मूळ योजनेत दुसऱ्या टप्प्यात होती. पाइप टाकून ठेवला, व्हॉल्व्ह बसवला आणि टप्पा यायचा म्हणून मी तो काळा काढला. टप्पा आला नाही. दत्तराव तो थोडासा उघडून ठेवायचे. पूर्ण उघडायची सोय नव्हती: वाडी सगळ्यांत खाली, म्हणजे पाणी सगळं तिकडे धावणार आणि थोरल्या गावाच्या नळांतून नुसती हवा फुसफुसणार. म्हणून अर्धवट. आणि मी त्यांना सांगत असे, की गेट व्हॉल्व्ह अर्धा ठेवायचा नसतो, पडदा थरथरतो, झिजतो. तो एक तर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. माझं चूक नव्हतं. आजही नाही. पण कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि पडद्याची झीज तिला सांगण्यासारखी नव्हती.

कामावर रुजू झाल्यावर मी आमच्या उपअभियंत्यांकडे गेले. ते भले गृहस्थ, पण कागदाबाहेर पाऊल टाकलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

“मॅडम, वाडीला पाणी मिळावं असं मलाही वाटतं. पण नकाशात बंद आहे. उद्या तपासणीला कुणी आलं आणि बंद व्हॉल्व्ह उघडा सापडला तर?”

“मग नकाशा बदलू.”

“उघडा दाखवला तर थोरलं गाव माझ्या गाडीपुढे आडवं पडेल.”

“अर्धा दाखवू.”

ते पुढे झुकले. “अर्ध्याचं चिन्ह असतं?”

आम्ही कपाटातली पुस्तकं काढली. धूळ झटकली. व्हॉल्व्हची सगळी कुळं त्यांत होती: गोळेवाले, छत्रीवाले, फुलपाखरू, सुई. अर्धा उघडा कुठेच नव्हता. साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि फार दुःखाने म्हणाले, “म्हणजे शास्त्रात वाडीची सोयच नाही.” मग त्यांनी उपाय सांगितला. दोन्हीकडच्या लोकांची एकत्र ग्रामसभा घ्यायची आणि त्यांनी ठराव दिला तर ते सही करतील. वाडी थोरल्या गावाच्याच ग्रामपंचायतीत होती. ठराव झाला नाही तर व्हॉल्व्ह बंद राहणार होता, आणि पुढे कधी उघडायचं काही कारण उरणार नव्हतं.

ग्रामसभा शाळेत भरली. एवढी गर्दी मी ग्रामसभेला आधी पाहिली नव्हती. बालाजीच्या उद्योगानंतर जो तो व्हॉल्व्हच्या चिन्हांचा जाणकार झाला होता.

सरपंच उठले. “वाडीचा डमरू काळा हाय, तो काळाच ऱ्हाऊ द्या. आपलं काही म्हणणं न्हाई.”

मागून एक जण ओरडला, “काहून? काळा म्हंजे भरलेला! त्यायला भरलेला अन् आपल्याला रिकामा?”

“आरं, काळं म्हंजे बंद. रेखाबाईनी बालाजीला सांगितलं.”

“बालाजीचं नको सांगू. त्यानं म्हशीला पाणी सोडलं.”

“मंग आपला बी काळा करा!”

“आपला काळा केला तर आपलंच बंद होईल ना, येड्या!”

वाडीकडच्या बाजूला वेगळाच गोंधळ. कोंडाबाई उभी राहून म्हणाली, “आमाला पांढरा पाहिजे. बाई म्हणली, पांढरा म्हंजे चालू.” तिच्या भाच्याने तिचा पदर ओढला, “आत्या, बस खाली! पांढरा म्हंजे रिकामी घागर! काळाच ऱ्हाऊ दे म्हण!” “तू गप. तुला शेळी कळत न्हाई, डमरू काय कळतो!”

थोडक्यात, वाडीतले अर्धे लोक वाडीच्या विरुद्ध बोलत होते आणि थोरल्या गावातले अर्धे लोक वाडीच्या बाजूने, आणि कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

बोलायचा मला संकोच होतो, पण उठले. फळ्यावर काढून दाखवावं, म्हणजे वाद मिटेल, असं वाटलं. खडू घेतला, दोन त्रिकोण काढले, भरले आणि म्हटलं, “हे बघा, हा काळा.”

फळा काळा आणि खडू पांढरा. मी भरलेला डमरू पांढराशुभ्र दिसत होता. शेजारी काढलेला पोकळ डमरू आतून काळा होता.

“बाईनी मामाचं मनावर घेतलंय,” एक बाई हळू आवाजात म्हणाली.

“न्हाई न्हाई,” बालाजी मदतीला धावला, “बाईचा पांढरा म्हंजेच काळा. अन् काळा म्हंजे बंद. म्हंजे हा पांढरा बंद, अन् कागदावरचा पांढरा चालू.”

यानंतर जो गलका झाला त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात नाही, आणि ग्रामसेवकांनी ते बरंच केलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. मला एकदम दत्तरावांशी बोलावंसं वाटलं. त्यांना हे सगळं संध्याकाळी सांगता आलं असतं तर ते हसून आडवे झाले असते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा खडू उचलला. नवा डमरू काढला. त्यातला एक त्रिकोण भरला आणि एक तसाच ठेवला.

“वाडीचा असा काढला तर?” मी विचारलं.

सगळे बघू लागले. काळं म्हणजे भरलेलं असं मानणाऱ्याला तो अर्धा भरलेला दिसत होता. काळं म्हणजे बंद असं मानणाऱ्याला तो अर्धा बंद दिसत होता. फळ्यावर बघा, कागदावर बघा, घागर म्हणा, व्हॉल्व्ह म्हणा, पाणी निम्मंच होतं.

सरपंचांनी मान वाकडी करून दोन्ही बाजूंनी पाहिलं. “म्हंजे त्यायला निम्मं बंद.”

“आमाला निम्मं चालू,” कोंडाबाई म्हणाली.

“बराबर,” सरपंच म्हणाले.

“बराबर,” कोंडाबाई म्हणाली.

दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं आणि ठराव एकमताने झाला. साहेबांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, म्हणाले, “मॅडम, हे चिन्ह कुठल्याच पुस्तकात नाही,” आणि सही केली. चिन्हांच्या यादीत मी ‘अर्धा उघडा’ अशी ओळ वाढवली. नंतर वरच्या ऑफिसातून तो नकाशा मंजूर होऊन आला. त्या ओळीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पण अर्धा म्हणजे किती, हे कागद सांगत नाही. बालाजी म्हणाला, “मामा चावीच्या दांडीला कान लावून ऐकायचे. मला गिरणीचा आवाज कळतो, पाण्याचा न्हाई.” म्हणून आम्ही दोघं वाडीच्या खड्ड्याशी गेलो. नोकरीभर मी व्हॉल्व्ह काढले, फिरवला एकही नव्हता. थोरल्या गावात सरपंच नळाशी मोबाइल घेऊन उभे, वाडीत कोंडाबाई. बालाजीच्या दोन्ही कानांना दोन फोन.

मी निम्म्यापर्यंत उघडला.

“सरपंच म्हणतेत, नळ फुसफुस करून राहिला.”

कमी केला.

“आजून फुसफुस. कोंडामावशी म्हणती, हंडा वाहून चालला, काय येडी झाली का रेखा!”

आणखी कमी केला. मग बालाजी म्हणाला, “दोघंबी म्हणतेत, आता हात लावू नका.”

निम्मा नव्हताच तो. फार थोडा होता, पडदा जेमतेम उचललेला. दत्तरावांचा अर्धा एवढाच होता. मी दांडीला कान लावला. पाण्याचा आवाज येत होता. बालाजीला म्हटलं, “तूही ऐक आणि लक्षात ठेव.” त्याने डोळे मिटून ऐकलं.

पुढे मी निवृत्त झाले. पडदा माझ्या म्हणण्याप्रमाणे झिजला आणि मध्यंतरी व्हॉल्व्ह बदलावा लागला. नवाही तसाच ठेवला आहे. थोरल्या गावाला आणि वाडीला सकाळी एकाच वेळी पाणी येतं. बालाजी कायम झाला आहे, व्हॉल्व्ह तो फिरवतो. दत्तराव नाहीत.